इतरांचा वाफा

"त्या शेवटच्या वाफ्याच्या पाटीवर 'इतर' लिहा," मोठ्या बाई मला म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

दादरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. कंत्राटावर. मुलांना वेगवेगळ्या समाजांची संस्कृती कळावी म्हणून शाळेने मसाल्याची बाग करायची ठरवलं. मागच्या अंगणात एकेका मसाल्याला लागणाऱ्या रोपांचे वाफे केले. ब्राह्मणी गोडा मसाला. सीकेपी. मालवणी. गुजराती. पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे.

आमच्या घरच्या येसुराचाही वाफा करू, असं मी स्टाफरूममध्ये सुचवलं होतं. बाजरी, धने, लाल मिरची भाजून आई तो मसाला करते. मोठ्या बाई चहा पिता पिता म्हणाल्या, "तुमच्यात कुठे वेगळा मसाला असतो हो? मिळेल ते शिजवायचं ना?"

सगळे हसले. मीही हसले.

माझी आई लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायची. बोटांची आग व्हायची. घरी आली की आम्हाला जवळ घ्यायची नाही, आमचे डोळे चुरचुरतील म्हणून. तिने निवडलेल्या मिरच्यांची तिखटं किती घरांत गेली. आणि तिच्या मुलीने 'इतर' रंगवलं. छान वळणदार अक्षरात.

उद्घाटनाच्या सकाळी करी रोडच्या चाळीतली, सातवीतली एक मुलगी दुधाच्या पिशवीत कोथिंबिरीचं रोप घेऊन आली. पाट्या वाचत फिरली. शेवटच्या वाफ्याशी थांबली.

"बाई, इतर म्हणजे आपण ना?"

आपण. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी लिहून ठेवलं होतं.

मी पाटी उपटली. पालक, विश्वस्त खुर्च्यांवर बसत होते. त्यांच्यादेखत मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: येसूर. बौद्ध घरांतला मसाला. मोठ्या बाई जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, इथे जात आणू नका.

"पहिल्याच पाटीवर ब्राह्मणी लिहिलंय. तेव्हा जात नव्हती?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाटी गायब. लेखी माफी द्या, नाहीतर कंत्राट वाढणार नाही, असा क्लार्ककडून निरोप आला. घरभाडं डोळ्यांपुढे आलं. तरी लिहिलं: मी माफी मागणार नाही. पाटी परत लावावी. खाली सही केली.

क्लार्कने कागद घेतला, ड्रॉवर उघडला. मी हलले नाही.

"पोच द्या," म्हटलं. "शिक्का मारून."