दादांना दिसलेला उजेड

भुताखेताच्या गोष्टी मी कधी ऐकूनही घेतल्या नाहीत. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि पीएच.डी.साठी गॅमा-किरणांच्या स्फोटांवर काम करते. फार लांब एखादा प्रचंड तारा मरतो, तेव्हा काही सेकंद या किरणांचा झोत सुटतो. तो उपग्रहांनाच टिपता येतो, आपल्या हवेतून खाली पोचतच नाही. हे आधीच सांगून ठेवते...

आम्ही गारखेड्यात राहतो. माझे वडील — दादा — वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाले आणि काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. नऊ वर्षं झाली. दिवस की रात्र, तेही कळत नाही.

मागच्या उन्हाळ्यातली दुपार. पुण्याच्या भावाला पाठवायला मी फोनवर दादांचं बोलणं रेकॉर्ड करत होते. बोलता बोलता त्यांच्या हातातून चहाचा कपच पडला.

"बाई, लाइट लावली का गं?"

"नाही दादा. का?"

"आत्ता उजेड पडला. बारीकसा. हितं समोर... गेला."

मी फरशी पुसायला वाकले, तेवढ्यात ते ओरडले, "आला! लई मोठा... अगं, लई मोठा हाय!"

दोन्ही हात पुढं करून उभेच राहिले. मग रडायला लागले. "डोळे परत येतायत माझे. डॉक्टरकडं चल."

डॉक्टरांनी संध्याकाळी तपासलं. डोळ्याची नस पूर्ण वाळलेली, काहीच बदल नाही.

घरी येऊन मी स्फोटांच्या नोंदी येतात तो मेल उघडला. उपग्रहानं दुपारी एक स्फोट नोंदवला होता. ती वेळ आपल्या घड्याळाप्रमाणं काढली — तीन बेचाळीस. आलेखात आधी एक छोटा उंचवटा, मग शांतता, मग प्रचंड मोठा. मधलं अंतर सतरा सेकंद.

रेकॉर्डिंग लावलं. कप फुटल्याचा आवाज तीन बेचाळीसचा. तिथून "आला!"पर्यंत मोजलं... सतरा सेकंद. स्फोटाची दिशा पाहिली, तर आकाशाचा तो भाग तेव्हा आपल्या क्षितिजाखाली होता. म्हणजे मध्ये अख्खी पृथ्वी!

माझे गाईड आधी "योगायोग" म्हणाले. मग त्यांनी स्वतःच रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "हे कुठं लिहू नकोस," एवढंच बोलले.

दादांना मात्र मी सगळं सांगितलं.

"लई लांबचा व्हता व्हय?" त्यांनी विचारलं.

"तो उजेड निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता, दादा."

"अन् मला दिसला," दादा म्हणाले. डॉक्टरांचा विषय त्यांनी परत काढला नाही.

त्यानंतर उपग्रहांनी कितीतरी स्फोट टिपले. दादांना एकही दिसला नाही. हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. प्रबंधातल्या तक्त्यात प्रत्येक स्फोटापुढं तो कोणी टिपला ते लिहायचं असतं. त्या दिवसापुढं मी उपग्रहाचं नाव लिहिलंय... आणि शेजारी थोडी जागा सोडलीय.