पत्र्याखालची बैठक

आमच्या घरात रुई सगळीकडे असायची. अंथरुणात, पिठाच्या डब्यात, मायच्या केसांत. सेलूच्या ज्या जिनिंगमध्ये अप्पा कामाला होते, तिच्या मागच्या भिंतीला लागूनच आमची खोली होती. हंगामात अप्पा मशीनवर कापूस टाकायचे आणि माय बायकांच्या रांगेत बसून कवडी वेचायची. पिवळा पडलेला, किडका कापूस म्हणजे कवडी. संध्याकाळी दोघं घरी आले की आधी अंगणात उभे राहून अंग झटकायचे. तरी जेवताना अप्पांच्या भाकरीवर एखादा पांढरा तंतू असायचाच. तो बोटानं बाजूला करून ते जेवत. हंगाम संपला की मशीन बंद, काम बंद. मग अप्पा मोंढ्यात पोती उचलायला जात, आणि आमच्या घरात चहा दुधाशिवाय होई.

एवढं असून अप्पांचा आवाज गावात माहीत होता. आम्ही शिवभक्त घरातले. दर सोमवारी मठात भजन असे आणि पुढचं कडवं अप्पांनीच उचलायचं, असं ठरूनच गेलेलं. अप्पा गायला लागले की मठाबाहेरचे लोक चपला काढून आत येत. हे मी लेक म्हणून सांगत नाही, गावात कुणालाही विचारा.

मी दहावीत असताना तो आवाज गेला. आधी खोकला, मग धाप, मग बोलताना घशातून नुसतं खरखर. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं छातीत गेलेली रुई आता बाहेर येणार नाही, मशीनपासून लांब राहा. मालकांनी अप्पांना मशीनवरून काढून गेटवर बसवलं. मठात अप्पा आणखी काही सोमवार गेले. टाळ हातात धरून नुसते ओठ हलवायचे. एका सोमवारी गेले नाहीत. माय म्हणाली, "जावा की, नुसतं बसायला काय झालं?"

"नुसतं बसायचीच लाज वाटायली," अप्पा म्हणाले.

त्यानंतर गाण्याच्या ठिकाणी म्हणून ते फक्त एकाच जागी गेले. जिनिंगच्या बैठकीला. तिथं त्यांच्याकडून कुणी गाण्याची अपेक्षा करत नव्हतं.

बैठकीबद्दल नीट सांगायला हवं. जिनिंगचे मालक गाण्याचे वेडे. हंगाम संपून शेड रिकामं झालं की गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी ते तिथं गाणं ठेवत. सकाळी सुरू आणि पत्रा तापायच्या आत बंद. आदल्या दिवशी माय आणि बाकीच्या बायका लांब बांबूला झाडू बांधून पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या झाडत, पाणी शिंपडत, सतरंज्या अंथरत. पिंगळी, परभणीकडची माणसं सकाळच्या पॅसेंजरनं येत. येलदरीहून धरणावर मासळीचा धंदा करणारे एक चाचा मोटारसायकलवर येत. ते आले की कुणीतरी विचारायचंच, "चाचा, खोकं घरी ठेवलं ना आज? मागच्या टायमाला गाणं कमी अन् मासे जास्त झाले होते."

चाचा म्हणायचे, "अरे बाबा, अत्तर लावून आलोय. तू आपलं नाक संभाळ."

या बैठकीत टाळी वाजत नसे. त्याचं कारण असं सांगतात की पहिल्याच वर्षी गाणं रंगलं, लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि पत्र्याखाली बसलेली सगळी पारवं एकदम उडाली. कैच्यांवर साचलेली रुई खाली आली ती थेट गवयाच्या अंगावर. त्यांना असा ठसका लागला की बैठक तिथंच संपली. तेव्हापासून ठरलं, टाळी नाही. गाणं आवडलं की उजवा हात छातीपर्यंत उचलायचा, तळवा वर करून. कुणी काही देतंय आणि आपण घेतोय, तसा. गाणं संपलं की सगळे हात तसेच थोडा वेळ थांबत. चाचा तेवढं हळूच "सुभानल्ला" म्हणत. शेडमध्ये वर पारवं घुमत असत आणि खाली एवढी माणसं गप्प.

आम्ही कामगार मागं बसायचो, वजनकाट्याजवळ. कुणी बसवलं नव्हतं, आपले आपणच बसत होतो. अप्पांची जागा एका लोखंडी खांबाला टेकून. हात वर करून ते डोळे मिटत. श्वासाची घरघर त्या वेळी कमी व्हायची, असं माय म्हणते. मी डॉक्टर नाही, पण मलाही तसंच वाटायचं.

अप्पांचा एकच हट्ट होता, की पोरीनं जिनिंगच्या गेटातून कामाला म्हणून आत यायचं नाही. मी कॉलेजात गेले. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. मी बी.ए. झाले त्या वर्षीच्या बैठकीत चहाच्या वेळी अप्पांनी त्या खरखरत्या आवाजात शेजारच्याला सांगितलं, शेजारच्यानं चाचांना, आणि चाचा उठून उभे राहिले. म्हणाले, "बिटिया ग्रॅज्युएट झाली आपली. हात वर करा सगळे." आणि गवयासाठी उचलायचे ते हात त्या दिवशी माझ्यासाठी वर झाले. मालकांचासुद्धा. मला पदवीदान समारंभाला जाता आलं नव्हतं. ते राहिलं याचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

पुढं मी ग्रंथालयाचं शिक्षण घेतलं आणि त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. आम्ही जिनिंगमागची खोली सोडून दोन गल्ल्या पलीकडं राहायला गेलो. नंतर मालक वारले. मुलं संभाजीनगरला, त्यांना जिनिंग चालवायची नव्हती. मशीन भंगारात गेली, शेड उतरवलं, जागेवर प्लॉट पडले. पारवं बरेच दिवस नुसत्या भिंतींवर येऊन बसत होती.

त्या वर्षी पाडवा आला आणि गेला. नंतरच्या रविवारी सकाळी अप्पांनी आंघोळ केली, कपाळाला भस्म लावलं, बैठकीचा पांढरा सदरा घातला आणि पायरीवर येऊन बसले.

माय म्हणाली, "कुठं निघालात?"

"कुठं न्हाई."

ऊन पायरीवर येईपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग आत आले, सदरा काढून खुंटीला अडकवला आणि भिंतीकडं तोंड करून पडले. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. दवा चालू होती, पण माणूस सुटत चालला होता. आवाज गेला तेव्हा त्यांनी सोसलं होतं. ऐकणंही गेलं तर हे राहणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी ठरवलं, बैठक पुन्हा लावायची.

कॉलेजला सभागृह आहे. मी प्राचार्यांकडं गेले. ते सभ्य माणूस, पण सावध.

"शास्त्रीय गाण्याला आपल्याकडं येतं कोण मॅडम?"

"येतात सर. दरवर्षी यायची माणसं."

"एकदा करून बघा. लोक आले आणि कार्यक्रम नीट पार पडला, तर दरवर्षी सभागृह तुमचं. नाही जमलं तर मात्र पुन्हा विचारू नका."

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं. ते उठून बसले. म्हणाले, "सतरंज्या हायत का तिथं? खुर्चीवर बसून गाणं ऐकू येत न्हाई मला."

गायला बाहेरगावच्या एक ताई यायला तयार झाल्या. तरुण होत्या, नाव व्हायला लागलं होतं. मी चाचांना फोन केला, चाचांनी बाकीच्यांना. पुढच्या पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी सभागृह भरलं. पॅसेंजरची माणसं आली, जिनिंगच्या जुन्या बायका आल्या, खुर्च्या भिंतीला सरकवून सतरंज्या टाकल्या गेल्या. अप्पा सवयीनं सगळ्यांत मागं जाऊन खांब शोधायला लागले. खांब नव्हता. भिंतीला टेकून बसले. प्राचार्य पहिल्या रांगेत खुर्चीवर.

कॉलेजच्या पद्धतीप्रमाणं पडदे ओढलेले, समोर अंधार, आणि मंचावर मोठे दिवे. ताईंनी सकाळचा राग घेतला. काय सांगू, फार चांगलं गायल्या. गाणं संपलं आणि सगळे हात वर झाले. मी मंचाच्या पायरीशी उभी होते, मीही हात वर केला.

ताई थोडा वेळ थांबल्या. तबलेवाल्याकडं पाहिलं. मग दुसरी बंदिश सुरू केली, पण ती लवकर आटोपली. पुन्हा हात वर. पुन्हा शांतता. कुणीच वाजवत नाही म्हणून प्राचार्यही नुसते बसलेले. ताईंनी तानपुरा बाजूला ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या, "माझं गाणं आपल्याला रुचत नाहीये असं दिसतं. मी इथंच थांबते."

खरं सांगते, आमच्यातल्या एकालाही काही कळलं नाही. आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. चाचा हळूच म्हणाले, "काय झालं? ताईंना चहा पायजे का?" एकजण म्हणाला, "तुमच्या मासळीचा वास गेला असंल वर." दोघंतिघं हसले. ते हसणं ताईंना ऐकू गेलं आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खुर्चीतून उठले.

गवई कुणीही असो, स्टेशनवरून आणताना मालक वाटेतच त्याला सांगत असत, की आमच्याकडं टाळी नसते. हे मला फार नंतर कळलं. ते सांगावं लागतं, हेच आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत आम्हाला जगात सगळीकडं गाणं असंच ऐकतात असं वाटायला लागलं होतं.

मागून अप्पा उठले. भिंतीचा आधार घेत, माणसांच्या खांद्यांना धरत पुढं आले. धाप लागली होती. मंचाजवळ येऊन काही बोलले, पण ती खरखर पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचली नाही. मी माईक काढला आणि त्यांच्या तोंडापाशी धरला. मठ सुटल्यापासून चारचौघांत त्यांनी आवाज काढला नव्हता. माईकमधून तो फाटका आवाज सगळ्या सभागृहात पसरला तेव्हा ते स्वतःच दचकले. तरी मागं सरले नाहीत.

"ताई, रागावू नगा. आमच्याकडं टाळी वाजवत न्हाईत. वर पत्रा हाय."

सगळ्यांनी वर पाहिलं. वर पांढरं, गुळगुळीत छत होतं. अप्पांनीही पाहिलं.

"होता," ते म्हणाले. "पत्रा होता. पारवं होती. टाळी वाजली की रुई गाणाऱ्याच्या गळ्यात जायची. म्हणून आमी हात वर करतो. रुई गळ्यात गेल्यावर काय हुतं ते मला ठावं हाय, ताई. तुमचं गाणं लय चांगलं झालं. ते पडदे काढा रे कुणी, त्यांना दिसू द्या."

माय खिडकीजवळ बसली होती. तिनं उठून पडदा सारला. मग दुसऱ्या खिडक्यांचेही निघाले. उन्हं आत आली आणि ताईंना समोरचं दिसलं. अप्पांच्या बोलण्यावर हात पुन्हा वर झाले होते. शेतकऱ्यांचे, दुकानदारांचे, कवडी वेचणाऱ्या बायकांचे, सगळे तळवे वर केलेले.

ताईंनी तानपुरा पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही गाता का?"

"गात होतो," अप्पा म्हणाले.

"मग इथं बसा. माझ्यासमोर."

अप्पा मागं वळून आपल्या भिंतीकडं बघायला लागले. चाचांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "बैठो मियाँ, गाणं चालू होऊ द्या." आणि अप्पा पहिल्या ओळीत बसले. ताई परत गायल्या ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत. शेवटची भैरवी संपली तेव्हा प्राचार्यांनी एकट्यानंच टाळी वाजवली. दोन वेळा वाजवून ते थांबले, इकडंतिकडं पाहिलं आणि हात वर केला.

चहा पिताना कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, आता तर पत्रा नाही, पारवं नाहीत, टाळी वाजवायला काय हरकत आहे? अप्पा म्हणाले, "वाजव की. कोण अडवायलंय?" त्यानं वाजवली नाही. पुढच्या वर्षीही कुणी वाजवली नाही.

अप्पांनी त्यानंतरच्या दोन बैठका ऐकल्या, पुढं बसून. त्या काळात ते सोमवारी मठातही जायला लागले होते. गाणं नाही, नुसतं बसायला. आजार मात्र कुणाचं ऐकत नाही. श्रावणात ते गेले. मातीला पिंगळीची माणसं आली होती, चाचा आले होते.

प्राचार्यांनी शब्द पाळला. त्यांच्यानंतर आलेल्यांनीही पाळला. पाडव्यानंतरच्या रविवारी कॉलेजच्या सभागृहात बैठक होते, पडदे उघडे ठेवून. गायला येणाऱ्यांना आणायला स्टेशनवर मी जाते आणि टाळीचं रिक्षातच सांगते. जिनिंगमध्ये काम केलेली माणसं आता मागं बसत नाहीत, माय पहिल्या ओळीत असते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि बैठकीसाठी आता मंडळ केलंय, त्याची चिटणीसही मीच. बैठक एकच वर्ष चुकली होती. त्यानंतर आजपर्यंत चुकलेली नाही.