सासूबाईंच्या मुंग्या

कॅनडात, सस्काटून शहरापासून लांब, शेताच्या कडेला घर घ्यायचं नवऱ्याच्या डोक्यात आलं, तेव्हाच मी म्हटलं होतं, कशाला ही नसती उठाठेव? शहरातल्या कॉन्डोत, फ्लॅटमध्ये काय काटे टोचतात? पण त्याला मोकळं रान हवं होतं. घर घेतलं, आणि मग त्याला कॅन्सर निघाला. हिवाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले. बर्फ वितळल्यावर सासूबाई साताऱ्याहून आल्या. त्यांना एवढंच सांगितलं, औषध चालू आहे, गुण येईल. खरं सांगायला तोच नको म्हणाला. मी तोंड शिवून बसले.

सासूबाई रोज अंघोळ झाली की मुठीत कणीक-साखर घेऊन मागच्या डेकच्या, म्हणजे लाकडी ओसरीच्या, पायरीशी जायच्या आणि मुंग्यांना घालायच्या. मुक्या जिवाच्या तोंडी घास पडला की घरातलं दुखणं हलतं, ही त्यांची श्रद्धा. "माझ्या लेकाला उतार पडू दे," असं पुटपुटायच्या.

"अहो आई, घरात शिरतील ना त्या!"

"शिरू देत. काळी मुंगी म्हणजे लक्ष्मी."

जूनमध्ये लक्ष्मी शिरली. चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या मुंग्या ओट्यावर फिरायला लागल्या. किचनच्या खिडकीखाली रोज भुशाची ढिगुली. केर काढून काढून माझा जीव मेटाकुटीला आला. नवऱ्याला तेव्हा जिना उतरवत नव्हता. त्याने चिमूटभर भुसा कागदावर मागवला आणि भिंगाखाली धरला. भुशात मुंग्यांचे तुटके पाय निघाले.

"ह्या सुतार मुंग्या. लाकूड खात नाहीत, पोखरून आत राहतात. खिडकीशी कुठेतरी पाणी मुरतंय." कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जान आली होती. मला रडूच आलं.

स्प्रे मारायचा नाही, म्हणाला, पांगून दुसरीकडे घर करतात. साखरेच्या पाकात थोडा बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, कालवून वाटेवर ठेवायचा. त्या तो आत नेऊन राणीला भरवतात आणि सगळा कबिला मरतो. मी बाटल्यांची झाकणं भरून ठेवली. एक मुंगी फिरकेल तर शपथ! पायरीशी रोजची पंगत मांडलेली असताना माझ्या झाकणाला कोण विचारतंय?

शेवटी त्यानेच आईला जवळ बसवलं.

"आई, मुंग्यांना घालणं बंद कर."

"का रे? तुझ्यासाठीच घालते."

"भिंत पोखरतायत गं. मला हे घर नीट करून जायचंय. हिच्या गळ्यात असलं घर बांधून कसा जाऊ? विकायचं म्हटलं तरी कोण घेईल?"

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांनी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "तो टाकणखार दे इकडे."

"आई, राहू द्या. मी बघते."

"तुझ्या हातचं नाही खायच्या त्या. माझी जागा त्यांना ठाऊक आहे."

"अहो, तुम्ही कशाला हे पाप..."

"लागू दे मला. त्याच्या मनात आहे ना?"

त्यांनी स्वतः पाक केला, खार कालवला आणि पायरीशी ठेवला. त्या दिवशी काही पुटपुटल्या नाहीत. जेवल्याही नाहीत.

हळूहळू ओट्यावरची रांग विरळ झाली, भुसा पडेनासा झाला. शेजाऱ्याने खिडकीखालची कुजकी फळी काढून नवी बसवली. नवऱ्याला खुर्चीसकट उचलून खाली आणलं, तेव्हा त्याने ती बसल्या बसल्या हाताने चाचपली आणि बरं झालं म्हणाला. झाडं पिवळी पडायच्या आत तो गेला.

दिवस झाले, माणसं पांगली. घरात आम्ही दोघीच उरलो. सासूबाई डेकवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी त्यांना ते घातलं नसतं तर?"

मी तडकलेच. "आई, काहीतरीच काय! डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. तेव्हा कुठे होत्या मुंग्या? इथे कमरेएवढा बर्फ होता. त्यालाच तर हवं होतं ते. तुमचा काय दोष?" बोलता बोलता माझाच बांध फुटला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पदराने माझे डोळे पुसले.

"कळतं गं मला," त्या म्हणाल्या. "पण घातलं मीच ना?"