वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा

पोथीला रोज बसून पुण्य किती साठतं ते देव जाणे, किस्से मात्र ढीगभर साठतात! गोंदियाजवळच्या गोरेगावात माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे. दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी मंदिरात जाऊन बसायचं, हा माझा नेम. पोथीनं माणूस आतून दुरुस्त होतो, यावर आपला पक्का भरवसा!

आमच्याकडे पतिरामभाऊ ओवी वाचतात आणि त्यांचा धाकटा भाऊ सेवक अर्थ सांगतो. धानाच्या शेतातल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. पोथी मात्र चुकली नाही. ओवी भाऊंची, अर्थ सेवकचा, मध्ये एक शब्द नाही!

*

एकदा क्रोधाचा अध्याय चालू असताना कुणाचा तरी मोबाईल डीजेच्या गाण्यावर वाजला. पतिरामभाऊ कडाडले, "कोन होय बे तो? फेक तो डबडा बाहेर!"

समोर बसलेल्या गिरजाकाकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मांगचीच ओवी आणखी एकडाव वाचा."

*

गोंदियाचे एक शेठ आले. "भैया, कोई छोटा पाठ नहीं है क्या? मन को जल्दी शांति चाहिए."

काकू म्हणाल्या, "फोन बंद करून बसा शेठजी, आजच भेटते!"

शेठ बसले आणि खांबाला टेकून घोरायलाच लागले. मी उठवायला गेलो तर सेवकनं अडवलं. "राहू दे. त्यायले अर्थ समजून राहिला."

*

सेवकच्या पोरीचं लग्न ठरलं. गावभर आमंत्रणं गेली, पोरीच्या सख्ख्या मोठ्या बाबाला, म्हणजे पतिरामभाऊंना, नाही. मला रागच आला. "काऊन रे, त्याच्याशिवाय लगन लावतं का?"

"माझा धुरा फोडून पाणी नेलं त्यानं. वरून म्हणते, मी नाही फोडला! आधी कबूल कर म्हणा."

लग्न रविवारी, आणि शुक्रवारी नेमका क्षमेचा अध्याय आला. भाऊंनी ओवी वाचली. सेवक गप्प. भाऊंनी पुन्हा वाचली. सेवक मान खाली घालून गप्पच.

मग भाऊंनी पोथीवरचं बोट न हलवता त्याच चालीत पुढं म्हटलं, "धुरा म्याच फोडला, पाणी म्याच नेलं..."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

सेवकनं घसा साफ केला. "अर्थ असा, का मोठ्या भावानं रविवारी सकाळपासून मांडवात उभं राहा लागते!"