अक्काचं बियाणं

शेजारच्या अक्काला घरी सर्व्हर बसवायचा होता. सुप्याच्या धरणात बुडालेल्या तिच्या गावचे फोटो आणि म्हाताऱ्यांनी म्हटलेली गाणी तिला जपून ठेवायची होती. बेळगावच्या दुकानात मी तिच्यासोबत गेले. कुठलंही मशीन दाखवलं की अक्का आधी त्याला कान लावायची, मग एकच विचारायची, "लाइट गेल्यावर ह्ये काय करतंय?" मोठा सर्व्हर घुमायला लागला तशी म्हणाली, "मला घरात भाताची गिरण नगं." तिनं छोटं, मुकं मशीन घेतलं. दुकानदार एक मोठी हार्ड डिस्क पुढं करत होता. अक्कानं दोन लहान निवडल्या.

"अक्का, दोन कशाला?"

"बियाणं एकाच घरात ठेवत्यात काय?"

घरी येऊन तिनं दोन्ही डिस्क भरल्या. एक मशीनला लावली, दुसरी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. आमच्याकडं भाताचं थोडं बियाणं दुसऱ्याच्या घरी ठेवतात, पण ते घर पारखून घेतात.

आता दर अमावस्येला ती डिस्क नेते, नवं भरून परत आणते. डिस्क ठेवलेल्या माझ्या कपाटाचं कुलूप बघून पाव्हणे विचारतात, "सोनं हाय व्हय?"

"न्हाई," मी मान ताठ करून सांगते, "अक्काचं बियाणं हाय."