रिकामी फेरी

भाऊजींच्या पायाला भिंगरी आहे, आणि तरीही ते कुठे जात नाहीत. जन्मभर बस डेपोत कंट्रोलर होते. लोकांना गावोगाव रवाना केलं, स्वतः मात्र डेपो ते घर आणि घर ते डेपो. निवृत्त झाल्यापासून ते बाहेरच्या खोलीतच येरझाऱ्या घालतात.

ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, टीव्हीवर ते जीवाश्म उद्यान पाहिलं. दूर कुठेतरी उजाड माळावर जुन्या जंगलातली झाडं दगड होऊन आडवी पडली आहेत. "मला एकदा त्यांना हात लावायचाय," ती भाऊजींना म्हणाली. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. पुढच्या वर्षी ती काठी घेऊन तरी चालेल का, याची डॉक्टर हमी देत नव्हते. म्हणजे जायचं तर यंदाच.

झालं, भाऊजींच्या डोक्यात किडा शिरला. जेवता जेवता उठून नकाशा बघायचे. उद्यानाचा फोन कुणी उचलत नाही म्हणून चिडायचे आणि पुन्हा तोच नंबर लावायचे. आज ऊन फार आहे, उद्या आभाळ येईल, परवाची गाडी भरवशाची नाही. बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. बघून बघून माझाच जीव कासावीस व्हायचा. "अहो, तुमचं ठरेपर्यंत आपण सगळेच दगड होऊ," मी एकदा म्हटलं. ताई हसली. भाऊजी नाही हसले.

मग एका सकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "मी तिकडे जाऊन येतो. ताईला सांग, डेपोत काम निघालंय." आणि पसार! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांना एव्हाना कळायला हवं होतं.

डेपोत त्यांची एक रीत होती. नव्या मार्गावर माणसं बसवायच्या आधी रिकामी गाडी फिरवून आणायची. ताईला ती ठाऊक होती, तरी तिचं तोंड उतरलं. "माझ्याआधी बघून येणार," एवढंच ती दिवसभर म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी परतले, अंगभर धूळ. चप्पलसुद्धा न काढता खोलीत फिरू लागले.

"कशी आहेत झाडं?" ताईने फणकाऱ्याने विचारलं.

"पाहिली नाहीत."

"म्हणजे?"

"तुझ्या चालीने चाललो. दिसेल त्या बाकावर बसलो, तू बसतेस तेवढा वेळ. शेवटचा चढ राहिला आणि रखवालदाराने शिट्टी मारली. बंद व्हायची वेळ झाली म्हणाला." ते खिडकीकडे वळले. "पोचता येत नाही गं."

ऊन, आभाळ, गाडी ही सगळी निमित्तं होती. माणूस घाबरत होता तो या एकाच गोष्टीला.

"सगळ्या बाकांवर बसलात?" ताईने विचारलं.

"सगळ्या."

"मी एवढी बसते?"

"बसतेस."

ताईने पदराने डोळे पुसले. खुर्चीचा आधार घेत उठली आणि कोपऱ्यातले बूट पुढे ओढले. "उद्याच निघू. मी मधली बाकं सोडेन."

"उद्या आभाळ..."

"येऊ दे. आणि नाहीच पोचले, तर मी शेवटच्या बाकावर बसते. तुम्ही पळत जा, झाडाला हात लावा, आणि तोच हात माझ्या हातात द्या."

भाऊजी थांबले. मग त्यांनी चप्पल काढली आणि बसले.