कागदाची मागची बाजू

आमच्या नकाशा विभागात रेघमास्तरांइतका काटेकोर माणूस दुसरा नव्हता. पस्तीस वर्षं नकाशांवर रेघा मारल्या म्हणून हे नाव. त्यांची एक खोड होती. प्रत्येक नकाशाच्या मागे बारीक पेन्सिलीने लिहून ठेवायचे: रेघ कुणी सांगितली, कुणी काढली, कुणी तपासली. मी टिंगल करायचो, "मास्तर, जन्मवेळही टाका की!" ते हसायचेसुद्धा नाहीत.

त्यातलाच एक नकाशा आज कोर्टात टेबलावर पसरला होता. मतदारसंघाची सीमा रस्त्यावरून न्यायची सोडून गिरणीमागच्या वस्तीच्या मधोमध नेली, आमची मतं फोडली, अशी वस्तीवाल्यांची तक्रार होती. तक्रार खरीच होती. रेघ मास्तरांनी काढली होती आणि "तपासली, पाठवा" असं मी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

आत येण्याआधी आमच्या विभागाच्या साहेबांनी मास्तरांना व्हरांड्यात गाठलं. "हात चुकला म्हणा, विषय संपला. दोन महिन्यांत रिटायर होताय. पेन्शन सुखाने खा."

साहेबांना मागच्या बाजूचं ठाऊक नव्हतं. मला होतं. मीही हळूच म्हणालो, "ऐका ना मास्तर, साहेब सांगतात तेवढंच बोला." ते चष्मा सावरत आत गेले.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "ही रेघ इथे चुकून वळली का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. साहेब खुर्चीच्या कडेवर आले होते.

"माझा हात चुकत नाही," ते म्हणाले. "कागद उलटा करून बघा."

बाई मोठ्याने वाचू लागल्या. "सांगितली: साहेबांनी, तोंडी. काढली: मी, चूक आहे हे माहीत असून. तपासली..." त्या थांबल्या. "ही जागा कोरी आहे. तपासली कुणी?"

"कुणीच नाही," मास्तर म्हणाले.

म्हणजे मी न बघताच 'पाठवा' म्हटलं, हे मास्तरांना तेव्हाच कळलं होतं. उभं राहून बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो.

कोर्टाने सीमा नव्याने आखायला लावली. साहेबांची नुसती बदली झाली, मास्तरांचं पेन्शन चौकशीत अडकलं. नवा नकाशा तपासायला माझ्याच टेबलावर आला. तीन दिवस मी रेघ न रेघ तपासली. मग कागद उलटा केला आणि मागे 'तपासली' पुढे स्वतःचं नाव लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.